भिकनचं विसण

भिकन पगारे माझा साडू. त्याची सुला आणि माझी लंका सख्ख्या बहिणी. मित्राशी भांडण झालं तर माणूस रस्ता बदलून जातो. साडूशी झालं तर बारशाला, साखरपुड्याला, मयतीला पुन्हा त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसावं लागतं. अकरा वर्षं अशा प्रत्येक खुर्चीवर बसून भिकनने मला एकच वाक्य ऐकवलं, "फकिरा, तुझ्या थर्मामीटरनं माझी नोकरी खाल्ली." लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

तो मूळचा मनमाडचा. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर होते. वाफ कशी सोडायची, कशी अडवायची, हे भिकन चड्डीत असल्यापासून बघत आला होता. नाशिकला सिन्नर रस्त्यावर एक बिअरची फॅक्टरी होती. आता तिथं गोडाऊन झालंय, त्यामुळे नाव सांगून काही उपयोग नाही. नव्वद साली आम्ही दोघं तिथं लागलो. मी इन्स्ट्रुमेंट फिटर, म्हणजे फॅक्टरीतले सगळे काटे, गेज आणि थर्मामीटर माझ्या ताब्यात. भिकन मालाच्या हंड्यावर.

माल म्हणजे मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव आणि गरम पाणी यांचा घोळ. तो तासभर सहासष्ट डिग्रीवर धरून ठेवायचा. तेवढ्या वेळात जवातल्या पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळायचं, हॉप नावाचं कडू फूल घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि बिअर होते. सगळा खेळ त्या सहासष्टवर. खाली घसरलं तर बिअर पाणचट होते, वर गेलं तर यीस्टला न पचणारी साखर होते आणि बिअर गोडच राहते. एवढं तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

शहाण्णवच्या मे महिन्यात भिकनने लावलेल्या एका मालाची बिअर गोड राहिली. यीस्टने अर्ध्यावरच काम टाकलं. वीस हजार लिटर बिअर गटारात सोडावी लागली, आणि तिचा आंबूस वास चार दिवस गेटपर्यंत येत होता. चौकशी बसली. भिकन म्हणाला, "साहेब, मी दर पंधरा मिनिटाला वहीत लिवलंय. सहासष्ट, सहासष्ट, सहासष्ट. माल सहासष्टवरच व्हता. तरी बिगडला, म्हणजे थर्मामीटर खोटा."

आता तो थर्मामीटर तपासावा तर दुसऱ्याच दिवशी हंडा धुताना तो फुटला होता. उरलं फक्त माझं रजिस्टर. दर सोमवारी मी प्रत्येक थर्मामीटर आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून बघायचो. बर्फात शून्य, उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव. नाशिक उंचावर आहे, इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं. त्या आठवड्याच्या सोमवारीही रजिस्टरमध्ये शून्य, अठ्ठ्याण्णव आणि खाली माझी सही होती. साहेबांनी एकदा रजिस्टरकडे बघितलं, एकदा भिकनकडे, आणि भिकनला काढून टाकलं. मी राहिलो.

आता जे लंकालाही सांगितलं नव्हतं ते इथं सांगतो. त्या सोमवारी बर्फ आलाच नव्हता. दुपारपर्यंत वाट बघितली. सहा वर्षं दर सोमवारी तेच आकडे आले होते, आजही तेच येणार, असं म्हणून मी लिहून टाकलं आणि सही ठोकली. थर्मामीटर खोटा होता असं मी म्हणत नाही. खरा होता असंही मला म्हणता येत नाही. भिकन जेव्हा जेव्हा ते वाक्य म्हणायचा तेव्हा मी चिडून त्याला नाही नाही ते बोलायचो. माणसाला खोट्या आरोपाचा जेवढा राग येतो, त्याच्या दुप्पट राग अशा आरोपाचा येतो जो खरा की खोटा हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

नोकरी गेल्यावर भिकन एका चिवड्याच्या कारखान्यात भट्टीवर लागला. काम बरं होतं, पण अंगाला तेलाचा वास आणि डोक्यात तो माल. शेवटी नव्याण्णवच्या डिसेंबरात तो माझ्या घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "मी घरी बिअर लावतो. मोठी नाय, पातेलंभर. थर्मामीटर नवा आणू. तूच तपासून दे. खऱ्या थर्मामीटरवर सहासष्ट धरला आन् बिअर झाली, तर मंग तुझावाला खोटा व्हता, हे तू कबूल करायचं."

"आणि नाही झाली तर?"

"व्हईलच."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर मी घाबरलो असं झालं असतं, आणि मी घाबरलोच होतो. म्हणून हो म्हणालो.

गंमत अशी की भिकन स्वतः दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. फॅक्टरीतही चव बघायची वेळ आली की घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा. सुला तर पंचशील रोज म्हणणारी. पातेलं घरात आलं त्या दिवशी तिने पाचवं, नशेपासून लांब राहायचं शील त्याला मोठ्याने म्हणून दाखवलं आणि वर म्हणाली, "वंदनेला बसता अन् घरात दारू गाळता? शोभतं का?" भिकन म्हणाला, "मी पिणार नाय, मला फक्त बघायचंय." "मग चव बघणार कोण? पिणार कोण?" दोघांनी माझ्याकडे बघितलं.

सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात हे सुरू झालं. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानातून जव आणले. ते भिजवून ओल्या गोणपाटात मोड आणले आणि गच्चीवर वाळवले. चक्कीवाला भरडायला तयार होईना, त्याला वाटलं दारूच्या धान्याने आपली चक्की बाटेल. शेवटी दुसऱ्या चक्कीवर म्हशीचा भरडा म्हणून सांगितलं. हॉप आणि यीस्ट फॅक्टरीच्या लॅबमधला महेश गुपचूप द्यायचा. त्यालाही भिकनचं वाईट वाटलं होतं. थर्मामीटर मी आणला, काट्याचा, आणि भिकनच्या डोळ्यांसमोर बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून दाखवला. शून्य, अठ्ठ्याण्णव. तो डोळ्याला चष्मा लावून वाकून वाकून बघत होता. मला त्या क्षणी तो थर्मामीटर फोडून टाकावासा वाटला.

मग मी पहिल्यांदा भिकनला माल लावताना बघितलं. फॅक्टरीत माझं काम काट्यांपुरतं होतं, हंड्याजवळ मी थांबायचो नाही.

त्याने स्टोव्ह भसाभस पेटवला, पातेल्यात जवाचा घोळ ढवळला आणि काटा बघत बसला. साठ. बासष्ट. पासष्ट. सहासष्ट झाल्यावर स्टोव्ह बंद केला. पण जाड बुडाच्या पातेल्यात बुडाची आच राहतेच. अडुसष्ट. एकाहत्तर. पंचाहत्तर.

"अरे वर चाललंय!" मी ओरडलो.

"जाऊ दे ना," भिकन म्हणाला. शांतपणे बादलीतून तांब्याभर गार पाणी घेतलं, पातेल्यात ओतलं, लाकडी दांड्याने ढवळलं. पुन्हा एक तांब्या. काटा उतरला आणि सहासष्टवर येऊन थांबला. "हे बघ. आंघोळीच्या पाण्याला आई काय करायची? बंबातलं कडक पाणी बादलीत, वरून इसण. हात घालून बघायचं, जमलं की झालं. किती बी तापू दे, इसण घातलं की पाणी जागेवर येतं."

विसणाला तो इसण म्हणायचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी काट्यांचा माणूस. काटा सहासष्ट म्हणाला की माझ्या लेखी सहासष्ट. पातेल्याभोवती सुलाची जुनी गोधडी गुंडाळून तासभर ठेवलं. काटा हलला नाही. भिकनने वहीत लिहिलं, सहासष्ट, सहासष्ट, सहासष्ट, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता तू मेलास.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली. काकवीत पाणी घालून ठेवावं तशी चव. मी एक घोट घेतला आणि मोरीकडे गेलो. भिकन घोट तोंडात घोळवून तसाच बसला, थुंकायचं विसरून.

मला सुटल्यासारखं वाटलं. खऱ्या थर्मामीटरवरही तेच झालं, म्हणजे माझ्या थर्मामीटरचा काही संबंध नाही. पण भिकन ऐकेल तर ना. "जव किडके व्हते," तो म्हणाला. "पुढच्या साली बघ."

पुढच्या साली म्हणजे खरंच पुढच्या साली. उन्हाळ्यात यीस्ट आंबून जातं, त्यामुळे नाशिकची थंडी पडल्याशिवाय लावता येत नाही. वर्षाला एक डाव. दोन हजार साली जव नामी आणले, बिअर गोड. एक साली यीस्ट ताजं आणलं, बिअर गोड. दोन साली पातेलं बदललं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणालो, तर आठ दिवस बोलला नाही. तीन साली त्याने एका पातेल्यात तीन थर्मामीटर टांगले, मी ते तिन्ही बर्फात बुडवून दिले, आणि तिघांनी मिळून पंचाहत्तर दाखवल्यावर घाईने इतकं विसण ओतलं की माल अठ्ठावन्नवर आला. मग पुन्हा स्टोव्ह. मग पुन्हा चौऱ्याहत्तर. मग पुन्हा विसण. पातेलं काठोकाठ भरून जवाचं पाणी ओट्यावरून खाली वाहायला लागलं. सुला फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्हा दोघांची आंघोळ चाललीय का इथं?" त्या वर्षीची बिअर गोड तर होतीच, वर पाणचट.

चार साली कुणीतरी पोलिसांना कळवलं, पगाऱ्यांकडे हातभट्टी चालते. एक हवालदार आला, बाटली उघडून प्यायला, आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "ही दारू नाही हो, हा काढा आहे." उठून निघूनच गेला. मी हसत होतो. भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हातभट्टीवाला ठरला असता तर त्याला एवढं लागलं नसतं. हंड्यावरच्या माणसाच्या मालाला एका हवालदाराने काढा म्हटलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याच्या पाठीमागे लागायचं सोडलं. "बास झालं" म्हटलं तर त्याचा चेहरा बघवत नसे. आणि मलाही बंद करायचं नव्हतं. दर वर्षी बिअर बिघडली की वर्षभर मी निर्दोष. फक्त दर डिसेंबरला पुन्हा वाटायचं, या वर्षी झाली तर? फॅक्टरीत मी आता बर्फ आल्याशिवाय रजिस्टरला हात लावत नव्हतो. एकदा बर्फासाठी संध्याकाळी सहापर्यंत थांबलो. साहेब म्हणाले, एवढं काय त्यात. काय सांगणार त्यांना.

आणि सात सालच्या जानेवारीत तो रविवार आला. महापालिकेची मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटली होती आणि सिडकोत दोन दिवस नळाला थेंब नव्हता. मला वाटलं, यंदा डाव नाही. गेलो तर भिकनने पातेलं चढवलेलं. मालापुरतं पाणी त्याने आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. जव भरडून झाले होते, यीस्ट आणलेलं होतं आणि महेशने सांगितलं होतं की ते चार दिवसांच्या वर टिकणार नाही.

"आणि विसण?" मी विचारलं.

भिकनने स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या हंड्याकडे बघितलं. घरात पाणी एवढंच. सुला हंड्यापुढे पाट घेऊन बसली होती, मेथी निवडत. "याला हात लावाल तर बघा," ती म्हणाली. तिने एवढंच म्हटलं, पण भिकनची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला बघितला. सात वर्षं जो माणूस स्टोव्ह भसाभस पेटवून बिनधास्त बसायचा, तो आज वात बारीक करून पातेल्याला डोळे लावून बसला. पंचावन्नला स्टोव्ह बंद. थांबला. काटा एकोणसाठवर येऊन थबकला. पुन्हा बारीक वात, पुन्हा बंद, पुन्हा वाट बघणं. वर गेलं तर खाली आणायला काही नाही, हे त्याच्या कपाळावर घामाने लिहिलं होतं. मी पेपर वाचून संपवला, छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. एवढ्याशा कामाला दीड तास लागला आणि मला इतका कंटाळा आला की मी दोनदा म्हणालो, अरे टाक ना एक तांब्या, सुला काय फाशी देणार आहे का. सुलाने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा जाहिरातींत डोकं घातलं. शेवटी काटा सहासष्टवर आला आणि तिथंच राहिला. भिकनने गोधडी गुंडाळली. पुढे गाळून, हॉप घालून उकळल्यावर गार करायलाही पाणी नव्हतं. तसंच झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यीस्ट सोडलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी लंका आणि मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. दोघी बहिणी आत भाकरी करत होत्या. भिकनने बाटली उघडली, तर आवाज झाला. आधीच्या एकाही बाटलीचा असा आवाज झाला नव्हता. स्टीलच्या पेल्यात ओतली, वर फेस आला. मी घोट घेतला.

काय सांगू. बिअर होती. कडवट, कोरडी, स्वच्छ. फॅक्टरीतल्या चांगल्या मालासारखी. गोडीचा मागमूस नाही.

 संपलं. खऱ्या थर्मामीटरवर सहासष्ट धरला आणि बिअर झाली. आता हा म्हणणार, कबूल कर.

"झाली," मी म्हणालो.

भिकनने पेला घेतला, घोट तोंडात घोळवला आणि गिळला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गिळताना बघितलं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. पेल्यातच बघत होता.

"आवंदा येगळं काय केलं आपण?" तो म्हणाला. "जव त्याच दुकानातले. पातेलं तेच. थर्मामीटर मागच्या सालचाच. गोधडी तीच."

"पाणी नव्हतं," आतून सुला म्हणाली. तिने सहज सांगितलं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता.

भिकन हातातला पेला फिरवत राहिला.  आत भाकरी थापल्याचे आवाज येत होते.

"इसण नाय घातलं," तो शेवटी म्हणाला. "पंचाहत्तरला गेलाच नाय माल. फकिरा, कडक दुधात विरजण घातलं तर काय व्हतं?"

"दही लागत नाही. विरजण मरतं."

"आन् मंग दूध गार केलं तर?"

 उत्तराची गरज नव्हती. विरजण मेल्यावर दूध कितीही गार करा, दही कसलं लागतंय. हे तर नवीन लग्न झालेल्या मुलीलाही माहीत असतं. जवाच्या मोडातही तसंच काहीतरी जिवंत असतं, जे पिठाची यीस्टला पचणारी साखर करतं. पंचाहत्तरला ते पाच-दहा मिनिटांत मरतं. मग विसण घालून काटा सहासष्टवर आणा, नाहीतर बर्फात घाला. काटा खरं बोलतो, पण काट्याला मेलेलं दिसत नाही. एवढी साधी गोष्ट! मोड आलेल्या धान्याला आम्ही आंघोळीचं पाणी समजत होतो. मी समजत होतो, तो समजत होता, आणि सात वर्षं मी समोर बसून तांब्या मोजत होतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"त्या दिवशी बी असंच झालं व्हतं," भिकन म्हणाला. आवाज एकदम हळू. "फॅक्टरीत. वाफ चालू ठेवून मी चहाला गेलो. आलो तर सत्याहत्तर. गार पाण्याचा व्हॉल्व खोलला, सहासष्टवर आणला, मंग वही लिवली. चौकशीत साहेबांनी इचारलं, माल कितीवर व्हता? मी म्हणलं सहासष्ट. खोटं नाय बोललो मी. मला खरंच वाटलं, आणला ना जागेवर, झालं." त्याने पेला खाली ठेवला. "तुझा थर्मामीटर खरा व्हता, फकिरा. मीच मारला तो माल. अकरा वर्षं तुला बोललो. माफ कर."

हे वाक्य ऐकायची मी अकरा वर्षं वाट बघितली होती. ऐकल्यावर काय बोलायचं, कसं टोचायचं, कोणाकोणापुढे पुन्हा म्हणायला लावायचं, सगळं मनात लिहून ठेवलं होतं. पण समोर भिकन असा बसला होता की त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. पन्नाशी उलटलेला माणूस, हाताला चिवड्याच्या तेलाचे डाग, डोळे कोरडे. तो रडत नव्हता. उलट चेहरा सैल पडला होता, शिफ्ट संपवून घरी आल्यासारखा. आणि त्याने मनापासून खरं सांगितल्यावर मी त्याची माफी खिशात घालून भाकरी खायला बसणार होतो. माझ्याच्याने ते होईना.

"भिकन," मी म्हणालो, "त्या सोमवारी बर्फ आला नव्हता."

"म्हणजे?"

"मी थर्मामीटर बुडवलाच नाही. आकडे तसेच लिहिले आणि सही केली. तो खरा होता की खोटा, मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."

आतला भाकरीचा आवाज थांबला. लंका दारात येऊन उभी राहिली.

मला वाटलं, आता उठेल, कॉलर धरेल. धरायलाच हवी होती. त्या रजिस्टरने त्याची नोकरी घेतली होती. पण भिकन बसूनच राहिला. कपाळाला आठ्या पडल्या, सैल पडलेला चेहरा पुन्हा ओढला गेला, आणि ओठ हलायला लागले. तो हिशोब करत होता हे मला दिसत होतं. थर्मामीटर दहा डिग्री जास्त दाखवत असला, तर सत्याहत्तर म्हणजे खरे सदुसष्ट. म्हणजे माल मेलाच नव्हता, आणि वरून विसण घालून तो उलट नको तेवढा गार केला. पण मग बिअर पाणचट झाली असती, गोड का राहिली? थर्मामीटर कमी दाखवत असला, तर आणखी वेगळं. खरा असला, तर त्याची चूक. फुटलेल्या काचेला विचारणार कोण?

"मंग कुणाचं चुकलं?" त्याने विचारलं.

"तुझंच असेल. बहुतेक तुझंच. पण..."

"पण काय?"

"पण सांगता येत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्याने माझ्याकडे रागाने बघितलं होतं, तेव्हा मला त्याचा राग यायचा. आज त्याच्या नजरेत नुसता थकवा होता आणि तो मला सोसवेना.

"हे आजच कशाला सांगितलं?"

"तू खरं बोललास म्हणून."

"मी खरं बोललो कारण मला कळलं व्हतं," भिकन म्हणाला. "अकरा वर्षांनी कळलं व्हतं. वाईट व्हतं, माझ्याच अंगावर आलं व्हतं, पण कळलं तर व्हतं. पाच मिनिटं, फकिरा. पाच मिनिटं मला ठाऊक व्हतं कुणाचं चुकलं. तेवढी बी तू टिकू दिली नाय."